धूर दिसतो, वाफ दिसत नाही

फाल्गुन सरत आला की पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगर रात्रीच्या वेळी पेटलेले दिसू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि डहाणूचा पूर्व भाग येथील पानगळीच्या जंगलात या दिवसांत साग-ऐनाचा सुकलेला पाला साचलेला असतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून कोणी माळ जाळतो, कोणाची विडी निष्काळजीपणे पडते, आणि वणवा लागतो. त्यापाठोपाठ भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याचे दिवस येतात. या धुराची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात व त्यांखाली वनसंपदेच्या हानीबद्दल हळहळ व्यक्त होते. डोंगराच्या पश्चिमेस, रेल्वेच्या पलीकडे, तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधद्रव्ये, रंगद्रव्ये, कीटकनाशके, कापड आणि पोलाद यांचे कारखाने अहोरात्र चालू असतात. त्यांच्या दुर्गंधीची बातमी निराळ्या पानावर, निराळ्या दिवशी येते. सरकारदरबारीही ही फाळणी कायम आहे. वणवा वन खात्याचा, धुराडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, आणि राब कृषी खात्याचा, म्हणजे बहुधा कोणाचाच नाही.

हवेला मात्र ही खातेवाटणी ठाऊक नाही. डोंगरावरचा धूर आणि वसाहतीतील वाफ यांची हवेत गाठ पडते आणि दोहोंतून तिसरेच द्रव्य निर्माण होते. ते डोंगरावर पेटलेले नसते आणि धुराड्यातूनही बाहेर पडलेले नसते. माणसाच्या फुप्फुसात जे जाते त्यात या तिसऱ्या द्रव्याचा वाटा मोठा असतो, आणि नेमक्या त्याच द्रव्याला आपल्या कायद्यात धनी नाही. हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु कोणाचे नुकसान कोणी भरून द्यावे हा प्रश्न जेथे उभा राहतो तेथे आमच्या शास्त्रालाही बोलण्याचा थोडा अधिकार आहे.

प्रथम धुराविषयी. धूर म्हणजे काजळी आणि राख अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लाकूड व पाने जळताना जे बाहेर पडते त्याचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांचा असतो. त्याखेरीज कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, नायट्रोजनची ऑक्साइडे, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी सूक्ष्म असे कण, आणि शेकडो प्रकारच्या सेंद्रिय वाफा त्यात असतात. फॉर्माल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल, फिनॉल ही त्यांतील काही परिचित नावे. आग भडकून जळते तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निघतात. धुमसत जळते तेव्हा सेंद्रिय वाफा व कार्बन मोनॉक्साइड अधिक. राब तर मुद्दाम धुमसत ठेवलेला असतो. पाला, कवळ, शेण व गवत यांचे थर रचून त्यावर मातीचा पातळ थर देतात, तो याचसाठी. उष्ण कटिबंधातील अशा आगींकडे जगाचे लक्ष बरेच उशिरा गेले. १९७९ साली पॉल क्रुट्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणातील कित्येक वायूंचा मोठा उगम या जैविक ज्वलनात आहे असे दाखवले. क्रुट्झेन यांना पुढे १९९५ साली ओझोनविषयक संशोधनासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

वाफेचे महत्त्व कळले ते मात्र अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात, आणि ती हकीकत बोईसरच्या वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. त्या शहराचीही एक बाजू समुद्राची व पाठीमागची बाजू डोंगरांची. १९४३ च्या उन्हाळ्यात तेथे डोळे चुरचुरणारे धुके पसरले. लोकांनी प्रथम एका कृत्रिम रबराच्या कारखान्यास दोषी धरले. तो बंद ठेवला तरी धुके गेले नाही. मग संशय घरोघरच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर गेला, कारण त्यांचा धूर सर्वांना दिसत होता. आरी हागेन-स्मिट नावाचे डच वंशाचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ त्या वेळी अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. त्यांनी तोच हात हवेकडे वळवला आणि पन्नासच्या दशकाच्या आरंभी असे सिद्ध केले की, तेलशुद्धीकरण कारखाने व मोटारी यांतून निसटणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाफांवर नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या सान्निध्यात सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो आणि धुक्यातील जाच त्याचा आहे. परसातील भट्ट्यांवर १९५७ साली बंदी आली. त्यांचा धूर निरुपद्रवी होता असे नव्हे. पण मोटारींच्या वाफांना खराखुरा आवर घालण्यास त्यानंतरही बरीच वर्षे लागली. दिसते त्याला आधी आवर, न दिसते त्याला मागाहून, हा क्रम तेव्हापासून जगात रूढ झालेला दिसतो.

यातील रासायनिक किल्ली अवघड नाही. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो व तो हवेतील ऑक्सिजनला चिकटून ओझोन बनतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन पुन्हा खाऊन टाकतो. म्हणजे नुसत्या धुराड्यांच्या किंवा ट्रकांच्या धुरात जमा आणि खर्च जवळजवळ सारखे राहतात. परंतु हवेत सेंद्रिय वाफा असल्या तर त्यांच्या विघटनातून निघणारी द्रव्ये नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाताच पूर्ववत डायऑक्साइड करून देतात. खर्च थांबतो, जमा चालू राहते, आणि ओझोन साठत जातो. या वाफा वणव्याच्या की टोल्युइनच्या पिंपातून निसटलेल्या, हे सूर्य विचारीत नाही.

सूक्ष्म कणांचीही अशीच कथा आहे. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरमधून गंधकाचा वायू निघतो. हवेत त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. त्याला अमोनिया भेटला की अमोनियम सल्फेट या क्षाराचा घन कण तयार होतो. अमोनिया येतो गोठ्यांतून, खत घातलेल्या शेतांतून, कारखान्यांतून आणि धुमसणाऱ्या आगीतून. आम्ल एकाचे, अल्क दुसऱ्याचे, आणि कण तिसऱ्याच्या छातीत. रात्रीही हे काम थांबत नाही. धुरातील फिनॉलवर नायट्रोजनची ऑक्साइडे व उरलेला ओझोन यांपासून अंधारात तयार होणारे नायट्रेट मूलक तुटून पडते आणि तपकिरी रंगाची नायट्रोयुक्त द्रव्ये बनून कणांवर बसतात. थंडीच्या अखेरीस पहाटे क्षितिजावर जो मळकट पिंगट पट्टा दिसतो त्यात केवळ धूळ नसते, ती यामुळे.

आता भूगोल पाहा. किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा मंदपणे डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. उतारावरचा धूर सूर्या व वैतरणेच्या खोऱ्यांतून खाली उतरतो. जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार अशी उलटी स्थिती असल्याने हांडीवर झाकण ठेवावे तसे होऊन धूर आणि वसाहतीतील वायू एकाच थरात कोंडतात. बोईसर परिसरातील रहिवासी रात्री वास वाढतो अशी तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यात कोणाची लबाडी असेल तर असो, पण या झाकणाचाही त्यात हात आहे. सकाळी ऊन चढते, झाकण सुटते, आणि वर सांगितलेली क्रिया वेग घेते. दुपारी वारा फिरतो. समुद्रावरून येणारी हवा तयार झालेला ओझोन घेऊन चिल्हार फाट्यावरून, अहमदाबाद महामार्गावरील डिझेल ट्रकांचा धूर वाटेत उचलून, मनोर-विक्रमगडच्या दिशेने आत शिरते. रात्री डोंगराने किनाऱ्याला धूर पाठवावा आणि दुपारी किनाऱ्याने डोंगराला ओझोन परत करावा, असा हा विनिमय आहे. या व्यापारात दोन्ही पक्षांचे नुकसानच होते. विनिमयाने दोघांचा लाभ होतो हे क्रमिक पुस्तकातील वचन येथे लागू पडत नाही.

जो पाडा सर्वात कमी वाफ सोडतो त्याच्या वाट्याला दुपारचा ओझोन येतो, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. ओझोन पानांच्या रंध्रांतून आत शिरून पिकालाही इजा करतो, आणि येथे भात, नाचणी, भाजीपाला व डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत. माणसाच्या श्वासनलिकेचा तो दाह करतो. दम्याच्या रोग्याला तर एखादी दुपारही भारी पडते.

तर या नुकसानीचा हिशेब कसा मांडावा? आमच्या शास्त्रात १९२० साली पिगूने असा विचार मांडला की, ज्याच्या व्यवसायामुळे परक्याचे नुकसान होते त्याच्यावर त्या नुकसानीइतका कर बसवावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिछडी आणि वेल्लोर या दोन प्रकरणांत प्रदूषकाने भरपाई द्यावी हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. तत्त्व निर्विवाद आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीत आहे, ते असे की, अमुक नुकसान अमक्याचे हे वेगळे काढता येते. विहिरीत रंगीत पाणी झिरपले तर ते बरेचसे काढता येते. ओझोनच्या बाबतीत येत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही हे खरे. परंतु दोन हातांनी वाजलेल्या टाळीतला आवाज उजव्या हाताचा किती व डाव्याचा किती, हे कोणी सांगावे? मार्शलने मूल्याच्या वादात कात्रीच्या दोन पात्यांचा दाखला दिला, तो याच जातीचा आहे. वर्गात हा विषय निघाला असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, दंड कोणालाच नाही?" प्रश्न रास्त होता, आणि तसेच उत्तर ज्यांच्या सोयीचे आहे असे लोक दोन्ही बाजूंना आहेत. कारखानदाराला वणव्याकडे बोट दाखवता येते. वन खात्याला धुराड्याकडे.

वस्तुतः उत्तर आहे. एकूण ओझोनची वाटणी करता येत नसली तरी अमुक एक गोष्ट थोडी कमी केली तर ओझोन किती उतरेल, हे मोजता येते. आम्ही ज्याला सीमान्त परिणाम म्हणतो तो हाच. आणि तो ठिकाणानुसार बदलतो. धुराडी आणि वाहने यांच्या दाटीत, जेथे नायट्रोजनची ऑक्साइडे विपुल आहेत, तेथे वाफा कमी केल्याने ओझोन उतरतो. तेथे केवळ ऑक्साइडे थोडी कमी केली तर तो काही काळ वाढूही शकतो. दूर डोंगरात, जेथे झाडेच वाफा सोडत असतात, तेथे ऑक्साइडे कमी करणे उपयोगी. दुसरे असे की, घट कोणी करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा हे दोन निराळे प्रश्न आहेत. रोनाल्ड कोसने १९६० साली हे उलगडून दाखवले होते, पण त्याच्या निबंधातील हा धडा बाजूला राहून बाजाराची स्तुती तेवढी उचलली गेली. घट जेथे स्वस्त व परिणामकारक तेथे व्हावी. पैसा ज्याची ऐपत आहे व ज्याला नफा होतो त्याने द्यावा. या दोन वाक्यांची गल्लत झाली की गरिबाला दंड आणि श्रीमंताला सवलत असा निकाल लागतो.

ही गल्लत होते आहे काय? होते आहे, आणि ती मोजमापापासूनच सुरू होते. २००९ साली केंद्राने ठरवलेल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत सूक्ष्म कण आहेत, ओझोन आहे, अमोनिया आहे. सेंद्रिय वाफांपैकी मात्र बेंझिन आणि कणांना चिकटलेले बेंझो-पायरीन एवढेच. टोल्युइन, झायलिन, मिथेनॉल, ॲसिटोन यांना राष्ट्रीय मानकांत जागा नाही, आणि औषधद्रव्यांच्या कारखान्यांत द्रावक, ज्याला तेथे सर्व जण सॉल्व्हंट म्हणतात, ते याच कुळातले. शिवाय ही वाफ धुराड्यातून शिस्तीत बाहेर पडत नाही. पिंपाच्या तोंडातून, झडपांच्या सांध्यांतून, वाळवणी यंत्रांतून, सांडपाण्याच्या उघड्या टाक्यांवरून ती निसटते. धुराड्याला यंत्र लावून तिचा पत्ता कसा लागावा?

याउलट आग आकाशातून दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवते, आणि ही सोय निश्चितच चांगली आहे. तिच्या एका उपग्रह-यंत्राची नजर सुमारे ३७५ मीटरांच्या चौकोनाची असल्याने लहानसा राब तिच्यातून बहुधा सुटतो. पण राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि गुन्हेगार शोधण्यास जवळचा पाडा पुरतो. वाफेचा गुन्हेगार शोधायला निदान एक वायुविश्लेषक यंत्र आणि ते चालवणारा प्रामाणिक माणूस लागतो.

दिल्लीच्या परिसरात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथील हवेसाठी २०२१ साली कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला गेला. शेतातील खुंट जाळणाऱ्या शेतकऱ्यास त्या कायद्याच्या फौजदारी कलमातून वगळले. पण पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याची वाट मोकळी ठेवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती भरपाई दुप्पट करून दोन एकरांखालील शेतकऱ्यास ५,००० रुपये ठरवण्यात आली. पंजाबातील दोन एकरवाल्याला ही रक्कम जड जाते. मोखाड्यातील वारल्याला वा कातकऱ्याला ती सबंध हंगामाची रोकड असू शकेल. उद्या हाच नमुना पालघरला लागू झाला तर आश्चर्य वाटू नये.

राबाविरुद्धचा सरकारी रोष नवा नाही, म्हणून थोडे मागे जाऊ. १८८० च्या दशकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत वन खात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. इंग्रज अधिकाऱ्यांत तेव्हा दोन तट होते. राब ही जंगलाची नासाडी मानणारा एक, आणि त्यावाचून या मातीत भात होत नाही हे शेतकऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरणारा दुसरा. पुढे हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाच्या रसायनाचा पद्धतशीर अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राबाने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, तीत अडकलेली अन्नद्रव्ये रोपाला मोकळी मिळतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर राब ही ज्येष्ठातील महाग श्रमाच्या जागी चैत्रातील स्वस्त श्रम वापरण्याची युक्ती आहे. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाच्या हाती या दिवसांत रोकड अशी नसतेच, रिकामे हात तेवढे असतात. खुरपणीची मजुरी किंवा तणनाशकाची बाटली यांना पैसे पडतात, पाल्यापाचोळ्याला पडत नाहीत. अज्ञानाने तो राब भाजतो असे जे समजतात त्यांनी हा हिशेब त्याच्याशेजारी बसून एकदा करून पाहावा.

अर्थात् राबाला पर्याय नाहीत असे नाही. भातासाठीच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात व गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतात घालतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफ्यावर टोकणी होते. राबही नको, चिखलणीही नको. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांना या भागाची जमीन ठाऊक आहे. अडचण अशी की, या पद्धतींत पहिल्या दोन वर्षांचा धोका शेतकऱ्याच्या शिरावर असतो. तणाने वाफा गेला तर त्याचे भात जाते, सल्लागाराचे काहीच जात नाही. हा धोका दुसऱ्या कोणी उचलल्याशिवाय पर्याय कागदावर राहतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आदिवासीचा धूर पवित्र आणि कारखान्याचा अपवित्र, असे या लेखकास म्हणायचे नाही. वणव्याचा धूर सर्वात आधी त्या पाड्यातल्या लेकराच्या नाकात जातो, आणि वणव्याने सारी कोवळी रोपे करपली की पुढच्या पिढीचे मोहाचे झाडही जाते. कारखान्यांबद्दलही तेच. तारापूर वसाहतीवर हजारो कुटुंबांची चूल चालते, त्यांत जव्हार-विक्रमगडकडचीही आहेत. वसाहत उठवा ही घोषणा त्यांच्या पोटावर पाय देणारी आहे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात २००९ साली ७२.०१ गुण असलेली ही वसाहत २०१८ साली ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरली, ही गोष्टही दृष्टीआड करून चालणार नाही. हा निर्देशांक हवा, पाणी व जमीन या तिन्हींचा मिळून असतो. तारापूरच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादापुढे गाजलेला वाद मुख्यतः सांडपाण्याचा, मच्छीमारांनी नेलेला. खाडीतील मेलेली मासळी दिसते, म्हणून निदान पाण्याचा खटला उभा राहू शकला.

वाफेचा खटला उभा करण्यासाठी न्यायालयाच्या आधी हिशेबनीस पाहिजे. सॉल्व्हंट विकत घ्यावा लागतो आणि त्याची पावती असते. कारखान्याने वर्षभरात किती घेतला, किती पुन्हा गाळून वापरला, किती मालातून किंवा अधिकृत विल्हेवाटीतून बाहेर गेला, हे मांडले की उरलेला आकडा हवेत किंवा पाण्यात गेला असे धरण्यास हरकत नाही. युरोपीय समुदायाने १९९९ सालापासून काही उद्योगांना असा ताळेबंद सक्तीचा केला. याला आपल्याकडे परिचित असलेल्या बाटलीच्या अनामतीची जोड द्यावी. खरेदीच्या वेळी प्रत्येक लिटरवर अनामत घ्यावी आणि परत मिळवलेल्या लिटरवर ती परत करावी. जो वाफ कोंडून गाळून घेईल त्याचा माल वाचेल व अनामतही. जो सोडून देईल त्याची अनामत जाईल. मग चोरी पकडण्यासाठी मध्यरात्री निरीक्षक धाडण्याची गरज कमी होईल. सर्व सॉल्व्हंट सारखे नाहीत हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. टोल्युइन ओझोन करण्यात तरबेज, मिथिलीन डायक्लोराइड त्या कामी आळशी पण माणसाच्या शरीराला घातकच. दर त्याप्रमाणे निरनिराळे असावेत.

आपल्या शेजारी सुरत येथे २०१९ साली सुमारे तीनशे कारखान्यांत कण-उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला व त्याने उत्सर्जन लक्षणीय घटले, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. महाराष्ट्रातही २०१७ पासून कारखान्यांना धुराड्यातील कणांवरून तारे देण्याची योजना आली. दोन्ही उपक्रम स्तुत्य आहेत. पण दोहोंत मोजले जातात ते धुराड्यातून बाहेर पडणारे कण, म्हणजे पुन्हा जे दिसते तेच. पाच तारे मिळवलेल्या कारखान्याच्या मागील आवारात उघडी पिंपे असू शकतात.

जप्त अनामतीचा पैसा कोठे जावा? तो राज्याच्या तिजोरीत न जाता डोंगरावर जावा, असे माझे मत आहे. राब न भाजता रोपे करणाऱ्या कुटुंबाला पहिली तीन वर्षे वाफ्यामागे ठरावीक रक्कम आणि पीक बुडाल्यास भाताची हमी द्यावी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जाळरेषा काढण्याची व वणव्यावर पहारा ठेवण्याची मजुरी त्यातून मिळावी. बोईसरच्या कारखान्याने मोखाड्याच्या राबाचे पैसे का द्यावेत, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर वर आले आहे. टाळीतला एक हात त्याचा आहे, आणि दुसरा हात आवरण्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या यंत्रसामग्रीच्या तुलनेत थोडा आहे.

या सर्वांसाठी कारभाराची सीमा बदलावी लागेल. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. १९९६ च्या अखेरीस न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रास गंधक काढणारे संयंत्र बसवण्यास त्याने भाग पाडले, आणि २००७ साली ते बसले. एका तालुक्यापुरत्या संस्थेने चिकाटीने काय होते हे त्यावरून दिसते. परंतु त्याच तालुक्याला लागून असलेले बोईसर पालघर तालुक्यात, आणि वणव्याचे डोंगर जव्हार-मोखाड्यात. २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांपुरता. आणि बोईसर हे जनगणनेत नगर म्हणून मोजले गेले तरी कारभाराने दीर्घकाळ ग्रामपंचायतच राहिलेले. आता वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली आहे. जहाजे व ट्रक यांची ऑक्साइडे त्यामागोमाग येणारच.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा, समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंतच्या आठ तालुक्यांचा, जवळजवळ एक संपूर्ण हवेचे खोरे आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली सीमा निसर्गाच्या सीमेशी एवढी जुळावी हा योगायोग विरळा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली वन, कृषी, उद्योग आणि प्रदूषण नियंत्रण या चार खात्यांचे एकच हवा-मंडळ नेमण्यास नवा कायदा लागत नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राला अशी प्राधिकरणे नेमता येतात, आणि डहाणूचे प्राधिकरण त्याच कायद्याने आले. त्या मंडळाच्या पहिल्या अंदाजपत्रकात ओझोन व सेंद्रिय वाफा मोजणारी तीन केंद्रे असावीत. एक बोईसरच्या वस्तीत, एक मनोरला, एक जव्हारला. कणांचे पृथक्करण करताना त्यांत लाकूड जळल्याची खूण असलेली लेव्होग्लुकोसान ही शर्करा तपासावी, म्हणजे निदान थेट धुरापुरता डोंगराचा वाटा किती हे वादापलीकडे जाईल. फाल्गुनाच्या आधी ही यंत्रे उभी राहिली तर होळीपासून मृगापर्यंतचा एक सबंध हंगाम पदरी पडेल.